पडघा की पडघे? : संगणकाच्या तक्त्यांतील नावांचे घोटाळे

मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या महामार्गावर, भिवंडी तालुक्यात, पडघा नावाचे गाव लागते. टपालाच्या पत्त्यात हे नाव 'पडघा' असे लिहितात. आता विजेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याला हेच नाव लिहायला सांगा. तो बहुधा 'पडघे' असे लिहील. चंद्रपूरहून या परिसरापर्यंत वीज आणणारी ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची एकदिश वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिचा दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट असून तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. वीजतज्ज्ञ तिला 'चंद्रपूर–पडघे वाहिनी' म्हणूनच ओळखतात.

पडघा आणि पडघे यांमुळे तुमची आमची काहीच अडचण होत नाही. याचे एक कारण आपल्या व्याकरणात आहे. 'पडघा' या शब्दाचे सामान्यरूप 'पडघ्या' असे होते आणि 'पडघे' या शब्दाचेही 'पडघ्या' असेच होते. म्हणून आपण 'पडघ्याला जातो', 'पडघ्याहून येतो', 'पडघ्याचा बाजार' असे बोलतो, तेव्हा मूळ शब्दात काना होता की मात्रा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही भासत नाही. दोन गोष्टी अगदी सारख्या आहेत हे सांगताना 'काना-मात्रेचाही फरक नाही' असे आपण म्हणतो. येथे नेमका काना-मात्रेचाच फरक आहे, आणि संगणकाला तो पुरेसा होतो. तो कसा, आणि त्यातून उद्भवणारे दोष शोधायचे कसे, हे आज आपण पाहू.

संगणकाला नाव कसे दिसते?

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. जगातील बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची पद्धत आहे. या पद्धतीत 'प'चा क्रमांक २३४६, 'ड'चा २३३७, 'घ'चा २३२८, कान्याचा २३६६ आणि एका मात्रेचा २३७५ आहे. म्हणजे आपली दोन नावे संगणकाच्या दृष्टीने अशी आहेत :

पडघा : २३४६, २३३७, २३२८, २३६६
पडघे : २३४६, २३३७, २३२८, २३७५

शेवटचा अंक जुळत नाही, म्हणून ही दोन नावे भिन्न. संगणक 'जवळपास सारखे' असे काही मानत नाही. तसे मानायचे असेल तर ते त्याला वेगळे शिकवावे लागते.

कधी कधी तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि तरी अंक जुळत नाहीत. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकित करता येते. एका प्रकारात २३५३ क्रमांकाचा खास 'ऱ' आणि त्यापुढे हलन्त चिन्ह वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा २३५२ क्रमांकाचा 'र', हलन्त चिन्ह आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. कागदावर दोन्ही सारखेच छापले जातात, पण अंकांची काटेकोर तुलना केली तर ती दोन निराळी नावे ठरतात. नावाच्या आधी चुकून पडलेली रिकामी जागा हाही असाच एक न दिसणारा वर्ण आहे. तिचा क्रमांक ३२.

तक्ते एकमेकांना कसे जोडतात?

भिवंडीतील एक शाळा आहे अशी कल्पना करा. तिच्या एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि ते आसपासच्या गावांतून बसने येतात. कार्यालयातील संगणकात दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, नाव आणि गाव असे तीन रकाने आहेत. दुसऱ्यात गाव आणि तेथून येण्यासाठी मिळणारी बसपासाची रक्कम असे दोन रकाने आहेत. दोन्ही तक्त्यांतील गावाचे नाव जेथे जुळेल तेथे ओळीला ओळ जोडायची, की कोणाला किती रक्कम द्यायची याची यादी तयार होते.

माहिती अशी साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांचे संबंध त्यांतील मूल्यांवरून जुळवावेत, हा विचार एडगर कॉड या मूळच्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने १९७० साली अमेरिकेत आय. बी. एम. या कंपनीत असताना मांडला. त्याआधीच्या अनेक पद्धतींत माहिती यंत्रात नेमकी कोठे ठेवली आहे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड यांच्या पद्धतीत त्याची गरज उरली नाही. मात्र सगळा भार नावांवर आणि मूल्यांवर आला. ती जुळली तरच संबंध जुळतो.

दुवा म्हणजे काय?

आरंभी हे दोन्ही तक्ते कार्यालयातील एकाच संगणकावर, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत असतात. १९९२ साली निघालेली ही प्रणाली छोट्या कामाला सोयीची आहे. पण तिची एक फाईल २ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि एकाच वेळी बरेच लोक काम करू लागले की तिची दमछाक होते. मग तक्ते एका मध्यवर्ती मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, हलवतात. कार्यालयातील संगणकावर फक्त अर्जांचे नमुने, प्रश्न आणि त्या तक्त्यांचे 'दुवे' राहतात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या व्यवस्थेला 'ओडीबीसी' म्हणतात.

दुवा म्हणजे तक्ता नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. वाचनालयातील सूचीपत्रावर पुस्तकाचे नाव आणि कपाटाचा क्रमांक असतो, पुस्तक मात्र कपाटातच असते. दुवा हा अशाच सूचीपत्रासारखा आहे. त्यात माहिती नसते, माहितीचा पत्ता असतो. हा पत्ता पाच पायऱ्यांचा असतो : कोणता सर्व्हर, त्यावरील कोणता माहितीसंच, त्यातील कोणता विभाग, विभागातील कोणता तक्ता आणि तक्त्यातील कोणता रकाना. यांपैकी एकाही पायरीवरचे नाव चुकले, की दुवा निकामी होतो.

दोष शोधण्याची रीत

दिवाळीतील दिव्यांची माळ तुम्ही पाहिली आहे. समजा १६ छोटे दिवे एकसरीत जोडले आहेत आणि त्यांतील एक निकामी झाल्याने सगळी माळ विझली आहे. एका टोकापासून एकेक दिवा तपासत गेलो तर १५ चाचण्यासुद्धा लागू शकतील. त्याऐवजी माळेचे मधोमध दोन भाग करून कोणत्या भागातून प्रवाह जात नाही ते पाहिले, मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग केले, तर १६, ८, ४, २, १ असे चार चाचण्यांत उत्तर मिळते. (हा प्रयोग घरातील विजेवर कधीही करू नका. लहान घट आणि विजेरीतील दिवे घ्या.)

तक्त्यांच्या दुव्यातही प्रथम मध्यावर चाचणी करावी. जो प्रश्न आपल्या संगणकावर अडतो, तोच थेट सर्व्हरवर बसून विचारावा. तेथे उत्तर मिळाले तर सर्व्हरवरची नावे बरोबर आहेत आणि दोष दुव्यात किंवा आपल्या बाजूला आहे. तेथेही अडले तर आपल्या बाजूला शोधत बसण्यात अर्थ नाही. एका चाचणीत निम्मे क्षेत्र बाद होते.

त्यानंतर संदेश नीट वाचावा. 'ओडीबीसी कॉल फेल्ड' एवढे शब्द वाचून पुष्कळ जण खिडकी बंद करतात. खरे उपयोगाचे वाक्य त्याच्या पुढे असते आणि त्याच्या शेवटी कंसात बहुधा एक क्रमांक असतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरशी जोडणी करताना दिसणारे काही नेहमीचे संदेश पायरीनुसार पाहू.

१. 'आयएम००२' : दुभाष्यालाच पत्ता सापडलेला नाही. जोडणीला दिलेल्या नावाचे स्पेलिंग चुकले असेल, किंवा ते नाव ३२ बिटांच्या यादीत नोंदवून ६४ बिटांच्या प्रणालीतून शोधले जात असेल. या दोन याद्या निरनिराळ्या असतात.

२. क्रमांक १७ : सर्व्हर सापडत नाही किंवा प्रवेश नाही. एकाच यंत्रावर सर्व्हरच्या दोन शाखा असल्या तर यंत्राच्या नावापुढे शाखेचेही नाव द्यावे लागते. ते राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

३. क्रमांक ४०६० : सर्व्हर भेटला, पण सांगितलेला माहितीसंच उघडता आला नाही. त्याचे नाव चुकले आहे, किंवा तुम्हाला तेथे परवानगी नाही.

४. क्रमांक २०८ : माहितीसंच भेटला, पण त्या नावाची वस्तू, म्हणजे तक्ता, नाही. तक्ता निराळ्या विभागात असतो आणि आपण विभागाचे नाव लिहिलेले नसते, तेव्हाही हाच संदेश येतो.

५. क्रमांक २०७ : तक्ता भेटला, पण त्या नावाचा रकाना नाही.

हे क्रमांक पाठ करायची गरज नाही. प्रत्येक संदेश 'येथपर्यंत सर्व ठीक आहे, पुढे अडले' असे सांगतो, हे समजले की पुरे. २०८ क्रमांक आला तर सर्व्हरचे आणि माहितीसंचाचे नाव तपासण्यात वेळ घालवू नये, कारण त्या पायऱ्या आपण चढून आलो आहोत.

आपल्या बाजूचे दोष

आता सर्व्हरवर सर्व काही ठीक आहे आणि तरी काम अडते, असे समजा. अशा वेळी चार कारणे प्रथम पाहावीत.

पहिले कारण नावाला लागलेल्या उपसर्गाचे. सर्व्हरवर तक्त्याचे पूर्ण नाव 'विभाग', मग पूर्णविराम, मग 'तक्ता' असे लिहितात. सर्व्हरवरील नेहमीच्या विभागाचे नाव 'डीबीओ' असते. ॲक्सेसमध्ये तक्त्याच्या नावात पूर्णविराम चालत नाही. म्हणून दुवा तयार होताना पूर्णविरामाच्या जागी अधोरेखा येते आणि 'विद्यार्थी' या तक्त्याचा दुवा 'डीबीओ_विद्यार्थी' या नावाने अवतरतो. जुने प्रश्न मात्र 'विद्यार्थी' हेच नाव शोधत राहतात, आणि तक्ता सापडत नाही असा ३०७८ क्रमांकाचा संदेश येतो. उपाय सोपा आहे. दुव्याचे नाव बदलून पूर्वीचे करावे. सूचीपत्रावरचा मथळा बदलल्याने कपाटातील पुस्तक हलत नाही.

दुसरे कारण जुन्या झालेल्या दुव्याचे. दुवा तयार करताना तक्त्याची जी रचना होती, ती तो लक्षात ठेवतो. नंतर कोणी सर्व्हरवर रकान्याचे नाव बदलले तर दुव्याला ते आपोआप कळत नाही. दुवा ताजा करावा, नाही तर काढून नव्याने जोडावा.

तिसरे कारण नावातील वर्णांचे. नावातील रिकामी जागा, तसेच 'डेट', 'ऑर्डर', 'यूजर' यांसारखे संगणकाच्या भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द घोटाळा करतात. अशी नावे चौकटी कंसात लिहिल्याने काम भागते, पण ती मुळातच टाळलेली बरी. इंग्रजी लिपीत मोठी आणि लहान अक्षरे हा आणखी एक भेद आहे. ॲक्सेस तो मानत नाही. काही सर्व्हर मात्र त्यांच्या मांडणीनुसार तो मानतात.

चौथे कारण फसवे आहे. रकान्याचे नाव ओळखता आले नाही तर ॲक्सेस नेहमीच चूक दाखवत नाही. ते नाव म्हणजे आपण बाहेरून देणार असलेले मूल्य असावे असे समजून एक छोटी चौकट उघडते आणि मूल्य विचारते. नवखा माणूस त्या चौकटीत काहीतरी लिहून पुढे जातो आणि उत्तर भलतेच येते. न मागता अशी चौकट उघडली, तर तीत दिसणारे नाव चुकले आहे असे समजावे.

गप्प बसणारा दोष

आतापर्यंतच्या बहुतेक दोषांत यंत्र अडले आणि आपल्याला सावध केले. खरे नुकसान करणारा दोष शेवटच्या पायरीवर, म्हणजे रकान्यातील मूल्यांत असतो. तेथे कोणताही संदेश येत नाही.

आपल्या शाळेकडे परत या. बसपासाच्या तक्त्यात 'पडघा' असे लिहिले आहे. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात दोघांच्या पुढे 'पडघे' आहे आणि एकाच्या गावाच्या नावाआधी रिकामी जागा पडली आहे. नेहमीच्या जोडणीत जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या घेतल्या जातात. म्हणून ४० ऐवजी ३७ नावांची सुबक यादी छापून येते. तिच्यावर सही होते आणि तीन मुलांना पास मिळत नाहीत. संगणकाने दिलेली यादी चुकणार कशी, असे म्हणून त्या मुलांनाच दोष दिला जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय भौतिकशास्त्रातून घेता येतो. मंडलातील एखाद्या बिंदूत जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो, हा किरचॉफचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जोडणीलाही असाच हिशेब लावावा. आत गेलेल्या ओळी ४०, बाहेर आलेल्या ३७, तर उरलेल्या ३ कोठे आहेत? त्या शोधण्यासाठी 'डावी जोडणी' वापरतात. तीत पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी घेतल्या जातात. ज्यांना जोडीदार मिळाला नाही त्यांच्यापुढे जागा कोरी राहते. कोऱ्या जागांची यादी म्हणजेच हरवलेल्यांची यादी.

याच्या उलट दोषही असतो. पडघ्याजवळ बोरिवली नावाचे गाव आहे, आणि मुंबईच्या उपनगरातही बोरिवली आहे. बसपासाच्या तक्त्यात दोन्ही बोरिवली असतील तर बोरिवलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ दोन वेळा येईल, प्रत्येक वेळी निराळ्या रकमेची. येथे एका नावाची दोन गावे आहेत, तर पडघ्याच्या बाबतीत एका गावाची दोन नावे.

नावाऐवजी क्रमांक

हा प्रश्न संगणकाच्या आधी टपाल खात्याला पडला होता. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि निरनिराळी स्पेलिंगे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. कोकणात जन्मलेले संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर पिनकोडची योजना तयार केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. सहा अंकी क्रमांकातील पहिला अंक विभाग दाखवतो आणि पहिल्या तीन अंकांवरून पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो. पडघ्याचा पिनकोड ४२११०१ आहे आणि मुंबईतील बोरिवली पश्चिमेचा ४०००९२. आता नाव कोणी कसेही लिहिले तरी पत्र योग्य वाटेला लागते.

तुमच्या शाळेलाही असाच ११ अंकी यू-डायस क्रमांक आहे. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. तक्ते जोडताना हेच तत्त्व पाळावे. प्रत्येक गावाला एक न बदलणारा क्रमांक द्यावा आणि जोडणी त्या क्रमांकावर करावी. नाव एकाच तक्त्यात, एकदाच लिहावे. गावांची नावे बदलतात, जिल्हेही बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नावांवर जोडलेल्या कितीतरी जुन्या नोंदी तपासाव्या लागल्या असतील याची कल्पना करा. नावात माणसाची आपुलकी असते, म्हणून ते कागदावर जरूर छापावे. जोडणीचे काम मात्र क्रमांकाकडे द्यावे.

करून पाहा

१. तुमच्या परिसरातील दोन प्रकारे लिहिली जाणारी तीन गावांची नावे शोधा. पाट्या, बसची तिकिटे आणि शाळेचे दाखले तपासा. कोणते नाव कोठे लिहिले आहे त्याचा तक्ता करा.

२. वर्गातील सर्वांना एकमेकांचे न पाहता आपल्या गावाचे किंवा वस्तीचे नाव कागदावर लिहायला सांगा. एकाच जागेची किती रूपे येतात ते मोजा.

३. विचार करा : वरील शाळेत 'पडघ्या'च्या घोळामुळे ३ विद्यार्थी गळाले आणि बोरिवलीचे ३ विद्यार्थी दोन वेळा आले. यादीत एकूण किती ओळी येतील? नुसत्या ओळी मोजून दोष सापडेल का? नसेल, तर काय मोजावे?

(उत्तर : ओळी ४०च येतील, म्हणून नुसत्या बेरजेने दोष सापडणार नाही. यादीत किती निरनिराळे विद्यार्थी क्रमांक आहेत ते मोजावे. ते ३७ भरतील.)